खाप्रेश्वराचे मूळ आणि जुन्या गोव्याचा बाजार

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पर्वरीच्या खाप्रेश्वराचा वड २०२५ मध्ये उड्डाणपुलासाठी हलवला, तेव्हा आम्हा पर्वरीकरांना फार वाईट वाटले. पण हा देव मूळचा कोण, यावर फारसे कुणी बोलले नाही. गोव्यातल्या खाप्री (खाप्री म्हणजे आफ्रिकी माणूस) दैवतांचे नाते पोर्तुगिजांनी मोझांबिकहून आणलेल्या गुलामांशी जोडले जाते.

ही माणसे जुन्या गोव्यात रुआ दिरैता या हमरस्त्यावर विकली जात. १५८३ ते १५८८ गोव्यात राहिलेल्या लिन्सखोतेन या डच माणसाने तो लिलाव लिहून ठेवला आहे. रविवार आणि सण सोडून रोज सकाळी, अरबी घोडे, गालिचे, मसाले यांच्या जोडीने बायामाणसे आणि पोरेही विक्रीला असत. घरी नेल्यावर काय होई, ते झां मोके या फ्रेंच प्रवाशाने नोंदवले आहे : मारून मारून अंग फोडायचे आणि त्या जखमांवर मीठ नि सिरका चोळायचा. गुलामगिरी कायद्याने संपायला १८६९ उजाडले.

सगळे खापर पोर्तुगिजांवर फोडून आपल्याला सुटता येणार नाही. अठराव्या शतकात फ्रेंचांनी गोव्यातून केलेल्या गुलामांच्या व्यापाराचे व्यवहार पणजीच्या एका नामांकित हिंदू व्यापारी घराण्याच्या दफ्तरात सापडतात. म्हणजे आपली माणसेही त्यात होती. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायलाच हवे.

कारण आफ्रिकी माणसाकडे बघण्याची ती नजर अजून गेलेली नाही. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी एका नायजेरियन तरुणाच्या खुनानंतर त्याच्या देशबांधवांनी पर्वरीतच महामार्ग अडवला, तेव्हा जमावाने त्यांना बदडले. महामार्ग अडवणे चूकच. त्यासाठी पोलीस होते. पुढे राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कर्करोगाची उपमा दिली. अमली पदार्थांचा धंदा करणाऱ्याला जरूर पकडावे, पण कातडीचा रंग बघून भाड्याने खोली नाकारणे आजही चालते आणि त्याचे कुणाला काही वाटत नाही.

शाळांच्या सहली जुन्या गोव्यात येतात, चर्च बघतात आणि व्हाइसरॉयच्या कमानीखालून फेरीच्या धक्क्याकडे जातात. तोच जुना रुआ दिरैता. येथे माणसांचा लिलाव होत असे, एवढे कोकणी, मराठी आणि इंग्रजीत सांगणारा फलक सरकारने तिथे लावावा. आणि पणजीच्या त्या व्यापारी घराण्याच्या दफ्तरातले गुलामांविषयीचे कागद मराठी-कोकणीत छापून शाळांच्या वाचनालयांत द्यावेत.

आपला,
एक वाचक, पर्वरी, बार्देश