राखीव यंत्रणाही तीच?

सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर उतरणारे विमान मुंबईच्या हवाई क्षेत्रातूनच येते, त्यामुळे तिथल्या हवाई वाहतूक नियंत्रण केंद्रात येणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरशी कोकणाचाही संबंध आहे. जुन्या यंत्रणेवर काम चालू ठेवून नवी काही आठवडे शेजारी नुसती चालवावी. दोन्ही पडद्यांवरची विमानांची जागा, उंची आणि उड्डाण आराखडे ताडून पाहावेत. ब्रिटनमध्ये २८ ऑगस्ट २०२३ रोजी एका आराखड्यात एकाच नावाचे दोन मार्गबिंदू (विमानाच्या वाटेवरची ठरावीक ठिकाणे) आले आणि आराखडे हाताळणारी मुख्य यंत्रणा थांबली. राखीव यंत्रणेत तेच सॉफ्टवेअर, म्हणून तीही लगोलग थांबली. याला राखीव कसे म्हणायचे? आराखडे हाताने भरावे लागले, दीड हजारांहून जास्त उड्डाणे रद्द झाली. हाताने भरण्याचा सरावही आधीच हवा. शिवाय नव्या यंत्रणेत धोक्याचा इशारा उगाच वाजत राहिला, तर नियंत्रकाचा कान त्याला सरावतो.

– एक वाचक, कुडाळ