मस्कतला येतोयस म्हणून

रुवी, मस्कत
१८ जानेवारी २०२६

प्रिय बाळ्या,

तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ गॅलरीतच उभा राहिलो. शिमगा सोडून तू आणि वहिनी येताय, आणि काकूंनी स्वतःहून ‘जा’ म्हटलं, हे ऐकून भरून आलं. पालखी दारात यायच्या दिवसांत घर सोडणं म्हणजे काय, ते चिपळूणच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पण जूनमध्ये माझा करार संपतोय. बावीस वर्षं ज्या गावात काढली ते तू पाहिलंच नाहीस, असं झालं असतं तर मला जन्मभर लागून राहिलं असतं.

फोनवर तू दोनदा विचारलंस, “रमजानात येतोय, आमची कुणाला अडचण नाही ना होणार?” अजिबात नाही. उलट मी तर म्हणेन, हे शहर बघायचं तर याच महिन्यात. आणि यंदाचा योग बघ. तुम्ही १ मार्चला पोचाल, त्यानंतर दोन दिवसांत आपली होळीपौर्णिमा. तोच चंद्र इथे रमजानचा मध्य दाखवतो. त्या सुमाराला एका रात्री इथली पोरं ‘करनकशो’ म्हणत, गाणी गात, पिशव्या घेऊन दारोदार फिरतात आणि घरोघरी त्यांना खाऊ मिळतो. आपण लहानपणी शिमग्याचं पोस्त मागत फिरायचो ना, तेच डोळ्यांसमोर येतं. आपण त्या रात्री सीबला माझ्या ऑफिसातल्या मित्राच्या, अबू सालेमच्या घरी असू. येताना सुटी चॉकलेटं आणि शेंगदाण्याची चिक्की भरपूर आण. पिशवीत खाऊ आपल्या हातानं टाकायचा, त्याची मजा तुला कळेल.

ईदही अशीच. १९ मार्चला आपला पाडवा, आणि ज्या अमावास्येनंतर आपलं वर्ष लागतं तिच्याच नंतरची कोर दिसली की इथे ईद. फरक एवढाच, की आपण अधिक महिना घालून सणांना ऋतूशी बांधून ठेवतो (यंदा ज्येष्ठ अधिक आहेच) आणि यांच्यात तो नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. मी आलो त्या २००४ साली तो ऑक्टोबरात होता. मधली काही वर्षं मे-जूनच्या आगीत गेली. तेव्हा साइटवरची माणसं पाण्याचा थेंब न घेता दिवस काढताना मी रोज पाहिली आहेत. तेव्हापासून या महिन्याबद्दल माझ्या मनात जे आहे ते शब्दांत नीट सांगता येत नाही.

म्हणून हे एक मात्र कटाक्षानं पाळायचं: पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत बाहेर कुठेही खायचं-प्यायचं नाही, सिगरेट ओढायची नाही. गाडीत बसूनही पाण्याची बाटली तोंडाला लावायची नाही. हा इथला कायदाच आहे आणि तो आपल्यालाही लागू आहे. घरात काहीच बंधन नाही. वहिनींच्या गोळ्या आणि जेवण वेळच्या वेळी होईल, ती काळजी माझी. दिवसा बरीच हॉटेलं बंद असतात, कामाचे तासही कमी असतात, त्यामुळे दुपारी शहर अगदी निपचित असतं. मग सहाच्या सुमाराला मगरीबची बांग होते. मशिदीच्या आवारात लांबच लांब प्लॅस्टिक अंथरलेलं असतं, त्यावर खजूर, पाणी, ताक. बंगाली मजूर, पाकिस्तानी ड्रायव्हर, आपली रत्नागिरीकडची पोरं, सगळी एका पंगतीला. कुणी कुणाला ‘तू कोण’ विचारत नाही. तुला हाक मारली तर संकोच करू नकोस, बस.

खरं सांगायचं तर इथली रीत मला शिकवली ती अबू सालेमनं. आधी त्याचं नाव सांगतो. इथे थोरल्या मुलाच्या नावानं बापाला हाक मारतात, म्हणून सालेमचा बाप तो अबू सालेम. तुला तो पहिल्याच दिवशी ‘अबू ओंकार’ म्हणेल आणि वहिनींना ‘उम्म ओंकार’. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी त्याच्या टेबलाशी गेलो आणि उभ्या उभ्या विचारलं, “त्या बिलावर सही झाली का?” त्यानं मान वर केली, मला खुर्ची दाखवली आणि सावकाश म्हणाला, “अस्सलाम अलैकुम.” मग प्रकृती, घरचे, आईवडील, पाऊसपाणी, सगळं विचारून झालं आणि मगच फाइल उघडली. मला फार ओशाळल्यासारखं झालं. आपल्या गावात कुणाच्या पडवीत पाय ठेवला की आधी पाणी आणि ‘कसं काय’ होतं, मग कामाचं. ते मी मुंबईच्या चार वर्षांत विसरून गेलो होतो. इथे ‘कैफ हालक’ झालं की ‘अख्बारक’, मग ‘उलूमक’, म्हणजे नवीन काय, खबरबात काय. उत्तर ‘अल्हम्दुलिल्लाह’. हे मध्येच तोडायचं नाही. बाईमाणसानं हात पुढे केला तरच हात मिळवायचा, नाहीतर उजवा हात छातीवर ठेवून मान लववायची.

आता काहव्याचं, म्हणजे इथल्या कॉफीचं. चपला बाहेर काढून मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, भिंतीला टेकून बसायचं, तळवे कुणाच्या समोर येऊ द्यायचे नाहीत. आधी खजूर किंवा हलवा येतो, मग वेलचीचा वास असलेली कोरी, बिनसाखरेची कॉफी. यजमानाच्या डाव्या हातात सुरई, उजव्या हातात बिनकानाचे छोटे पेले. पेला प्रसादासारखा उजव्या हातानंच घ्यायचा. तो कधीच भरून देत नाहीत, तळाशी दोन घोट असतात. पूर्ण भरला तर ‘प्या आणि निघा’ असा अर्थ होतो. रिकामा पेला नुसता पुढे धरलास तर परत ओतला जाईल. पुरे झालं की तो बोटांत धरून दोन-तीनदा हलवायचा. पण पहिल्या पेल्याला ‘नको’ म्हणू नकोस, एवढं माझ्यासाठी कर.

का, ते सांगतो. २०११ मध्ये अण्णा गेले तेव्हा मला विमान मिळालं नाही, तुम्हीच सगळ्यांनी पुढचं केलंत. मी इथे खोलीवर एकटा होतो. संध्याकाळी अबू सालेम आला. घरून थर्मासमध्ये काहवा, डब्यात खजूर, एका पातेल्यात भात. आपल्याकडे सुतकाच्या घरी शेजारीपाजारी जेवण आणतात, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्यातही तसंच आहे. त्यानं माझ्याच घरात मला काहवा ओतून दिला आणि काही न बोलता बसून राहिला. इथे दुखवट्याचे तीन दिवस असतात. तिन्ही दिवस तो आला. त्याच्या हातचा पेला तुझ्या हातात जावा, अशी माझी फार इच्छा आहे.

त्याच्याकडे पुरुषांचं आणि बायकांचं बसणं वेगळं असतं. वहिनी आत जातील, आणि मला खात्री आहे, तासाभरात स्वयंपाकघरात पोचतील. जेवण खाली अंथरलेल्या सुफ्र्यावर, एका मोठ्या ताटात. आपल्या पुढ्यातलंच खायचं. शेवटी मजमर येतं, म्हणजे निखाऱ्यावर लोबान किंवा ऊद. ते हातानं कपड्यांवर, दाढीवर ओढून घ्यायचं आणि पुढे द्यायचं. अरबीत म्हण आहे, ऊद फिरला की बसणं संपलं. आपल्याकडे अत्तरगुलाब-विडा झाला की उठायचं, तसंच. लोबान इथला, धोफारचा. मत्राहच्या सूकमधून, म्हणजे बाजारातून, आपण काकूंसाठी हिरवट रंगाचा हुजरी घेऊ, तो उत्तम समजतात. सूकमध्ये घासाघीस चालते, पण हसत. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. आणि समुद्राकडेच्या रस्त्यावर सूर अल-लवातियाची वेस दिसेल, तिच्या आत जायचं नाही. ती एका समाजाची राहती वस्ती आहे, बाहेरच्यांनी आत शिरू नये अशी त्यांची जुनी रीत आहे.

सुलतान काबूस यांची मोठी मशीद सकाळी आठ ते अकरा आपल्याला खुली असते, शुक्रवारी नाही. वहिनींनी पूर्ण बाह्यांचा सलवार-कुडता आणि मोठी ओढणी आणावी, डोक्यावरून ती सरकता कामा नये. तू फुल पँट. आतला गालिचा इराणच्या विणकर बायकांनी चार वर्षं विणला, चार हजार चौरस मीटरच्या वर आहे. मी तिथे गेलो की बोलतच नाही. आणि दुसऱ्या दिवशी जुन्या मस्कतमध्ये, सुलतानाच्या राजवाड्याजवळच, मोतीश्वराचं शंकराचं देऊळ दाखवीन. वहिनींना तिथे अभिषेक करायचाय ना? गुजराती-सिंधी व्यापाऱ्यांचं येणंजाणं इथे शतकानुशतकांचं. १९७० पर्यंत इथे रुपयाच चालायचा, आणि आजही रियालच्या सुट्ट्याला ‘बैसा’ म्हणतात. हजार बैशांचा एक रियाल.

ईदला सकाळी नमाजनंतर भेटायला जाऊ. पोरांना ‘ईदिया’ द्यायचा असतो, मी अर्ध्या रियालच्या कोऱ्या नोटा काढून ठेवीन. शुवा मिळेल: मसाला लावलेलं मटण पानांत गुंडाळून जमिनीतल्या भट्टीत एक-दोन दिवस पुरलेलं. आपल्याकडच्या पोपटीची आठवण येईल. तू शाकाहारी झालायस हे मी त्याला सांगितलंय. तो म्हणाला, “मग त्याच्यासाठी हलवा जास्त.”

अबू सालेमसाठी भाजलेले काजूगर आण, किलोभर. ते हातात देताना उजव्या हातानं दे आणि त्यानं लगेच उघडून पाहिले नाहीत तर वाईट वाटून घेऊ नकोस. काकूंना नमस्कार. माझ्या वाटची होळीत नारळाची आहुती त्यांना टाकायला सांग.

तुझा,
विन्या