टाकीतल्या माशांसाठी पावसाळ्याची तयारी

दापोली, 18 मे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. तू तीन फुटी टाकी घेतलीस आणि तिच्यात सहा गोल्डफिश सोडलेस, हे वाचून आनंद झाला. (खरे सांगायचे तर शंभर लिटरमध्ये सहा गोल्डफिश ही गर्दीच झाली, पण ते पुढे कधीतरी.) मात्र ‘घरी इन्व्हर्टर आहे, त्यामुळे पावसाळ्याची काळजी नाही’ हे तुझे वाक्य वाचले आणि लगेच लिहायला बसलो.

3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ आले तेव्हा माझ्याही घरी इन्व्हर्टर होता. त्यावर पंखे, दिवे आणि मोबाइल चालू राहिले, आणि मध्यरात्रीपूर्वीच बॅटरी बसली. वीज आली ती नवव्या दिवशी. मासे अंधाराने किंवा उपासाने मरत नाहीत, ते गुदमरतात. पंचवीस अंशांच्या पाण्यात एका लिटरला सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांवर तो साडेसातच्या आसपास येतो, आणि आपल्याकडे जूनच्या सुरुवातीला टाकीतले पाणी तिशीलाच टेकलेले असते. त्यात अंधार पडला की पाणवनस्पतीही प्राणवायू देण्याऐवजी घेऊ लागतात. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर हातात फार वेळ उरलेला नाही असे समज.

म्हणून इन्व्हर्टरवर टाकीचा फक्त एअरपंप ठेव. त्याला चार-पाच वॅट पुरतात, त्यामुळे इन्व्हर्टर स्वतः जे खातो ते धरूनही, पंखे बंद ठेवलेस तर चांगली बॅटरी एखादा दिवस सहज काढेल. त्यापुढच्या दिवसांसाठी सेलवर चालणारा एअरपंप आणि सेलचे दोन जादा संच आताच आणून ठेव. पंप टाकीच्या खाली ठेवला असशील, तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवायला विसरू नकोस. वीज गेली की पाणी त्याच नळीने उलटे उतरून पंपात आणि जमिनीवर येते. याशिवाय आजच टाकीत एक साधा स्पंज फिल्टर सोड. तो एअरपंपाच्या हवेवरच चालतो, त्यामुळे पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू त्यात महिनाभरात वस्ती करतील आणि मोठा फिल्टर बंद पडला तरी तग धरतील.

हे काहीच हाताशी नव्हते, तेव्हा मी आणि आईने पाळीपाळीने तांब्याने पाणी काढून वीतभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओतले, झाकण उघडे ठेवले, खाणे पूर्ण बंद केले आणि रोज पाव टाकी पाणी विहिरीच्या पाण्याने बदलले. तुझ्याकडे नळाचे पाणी आहे, तेव्हा त्यातील क्लोरिन घालवणारे औषध घरात असू दे. आठ दिवस एकही मासा गेला नाही.

गेले ते वीज आल्यानंतर. आनंदाच्या भरात मी कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा, बंद डब्यातला मोठा फिल्टर) तसाच सुरू केला. बंद डब्यातले जिवाणू प्राणवायूअभावी केव्हाच मेले होते, आत साचलेली घाण कुजली होती, आणि ते सगळे पाणी एका झटक्यात टाकीत आले. संध्याकाळपर्यंत चार मासे पोटावर उलटले. तो डबा आधी उघडून, आतले पाणी फेकून, त्यातला स्पंज आणि जिवाणूंना वस्तीसाठी ठेवलेल्या रिंगा टाकीतल्याच पाण्यात विसळल्या असत्या, तर ते वाचले असते असे मला आजही वाटते. काही तासांपेक्षा जास्त वेळ वीज गेली, तर तू एवढे नक्की कर; त्यानंतर आठवडाभर खाणे अगदी कमी दे आणि पाण्यातला अमोनिया (माशांच्या घाणीतून तयार होणारे विष) तपासत राहा.

मृग वीस दिवसांवर आला आहे. एका रविवारी दुपारी मुद्दाम मेन स्विच बंद करून सेलचा पंप किती तास चालतो ते बघ आणि मला कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र