सेम्योनोव्स्की पलटण आणि मधली गाळलेली शंभर वर्षं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत रशियन झारच्या गार्ड पलटणींवर अख्खं पान आलं ते वाचलं, बरं वाटलं, कारण मराठी पेपरात नेपोलियन आला तर वॉटर्लूपुरता येतो आणि रशिया आला तर एकदम लेनिनपासून सुरू होतो. लेख चांगलाच आहे. पण सेम्योनोव्स्की रेजिमेंटबद्दल लिहिताना १८१३ ची कुल्मची लढाई झाली की लेखक थेट पहिल्या महायुद्धात जाऊन पोचतात आणि मधली शंभर वर्षं झारची एकनिष्ठ पलटण एवढ्यावर उरकून टाकलीयत. अहो, खरी गोष्ट तिथेच तर आहे. ही पलटण एकनिष्ठ होती का, कधीपासून होती, आणि ती निष्ठा आणली कुठून, हे सगळं त्या गाळलेल्या भागात आहे. पत्र लांबलंय, कापायचं तर सुरुवातीचं कापा, १८२० चं कापू नका ही विनंती.

सुरुवात थोडक्यात. पीटर, म्हणजे पुढचा झार पीटर द ग्रेट, पोरगा होता तेव्हा, म्हणजे १६८० च्या दशकात, मॉस्कोजवळच्या प्रेओब्राझेन्स्कोये आणि सेम्योनोव्स्कोये या गावांत त्याने पोरांचं खेळातलं सैन्य उभं केलं, त्यातूनच पुढे दोन खऱ्या पलटणी झाल्या आणि गावांची नावं त्यांना चिकटली. आपल्याकडे पेशव्यांची हुजुरात असायची तशी ही झारची खास फौज. १७०० साली नार्व्हाला स्वीडनच्या बाराव्या चार्ल्सने रशियन सैन्याला पार झोडपलं, पळापळ झाली, माणसं नदीत बुडाली, पण या दोन पलटणींनी गाड्या आडव्या लावून अंधार पडेपर्यंत जागा सोडली नाही आणि शेवटी चार्ल्सने त्यांना हत्यारांसकट जाऊ दिलं. नंतर कित्येक वर्षं त्यांचे शिपाई लाल मोजे घालायचे, का तर नार्व्हाला गुडघाभर रक्तात उभे राहून लढले म्हणून, ही अर्थात पलटणीतली आख्यायिका, पण अशा आख्यायिकांवरच पलटणी जगतात. पुढे १७०२ ला नोटेबुर्गचा किल्ला, १७०८ ला लेस्नाया, १७०९ ला पोल्टावा. जनरल सुवोरोव्हची सुरुवातसुद्धा याच पलटणीत, बारा-तेरा वर्षांचा असताना १७४२ ला साधा शिपाई म्हणून नाव घातलं होतं त्याचं.

एक गंमत लेखात आलेली नाही ती सांगतो. गार्डमध्ये नवीन भरतीची पोरं पलटणींना वाटताना चेहरामोहरा बघायचे. सेम्योनोव्स्कीत उंच आणि सोनेरी केसांचे, इझमायलोव्स्कीत काळ्या केसांचे, आणि पाव्लोव्स्कीत चक्क नकटे, कारण ती पलटण झार पॉलच्या नावाची आणि पॉल स्वतः नकटा. माणसं निवडायची ही तऱ्हा, मग त्यांच्या डोक्यात काय चाललंय हे बघायला वेळ कुणाला असणार.

आता मुद्द्याचं. झार पहिला अलेक्झांडर गादीवर यायच्या आधीपासून या पलटणीचा मानद प्रमुख होता. १८०१ च्या मार्चमध्ये ज्या रात्री त्याच्या बापाचा, म्हणजे त्याच पॉलचा, मिखायलोव्स्की किल्ल्यात खून झाला त्या रात्री पहाऱ्यावर सेम्योनोव्स्कीचीच माणसं होती. त्यामुळे अलेक्झांडरचा या पलटणीवर जीव. मग नेपोलियनविरुद्ध बोरोदिनो, मग कुल्म, जिथे गार्डने व्हॅन्डामच्या फ्रेंच सैन्याला अडवून धरलं आणि प्रशियाच्या राजाने खास क्रॉस दिला, मग १८१४ ला पॅरिस. लेखात हे सगळं आलंय.

पण पॅरिस बघून परत आलेल्या माणसांचं काय झालं ते आलं नाही. ऑफिसर लोकांनी वर्गणी काढून एकत्र जेवायला सुरुवात केली, जेवणं झाली की कुणी बुद्धिबळ खेळतंय, कुणी परदेशी पेपर मोठ्याने वाचून दाखवतंय, त्यावर चर्चा. झारच्या कानावर गेलं आणि त्याने हे बंद करायला लावलं. पण शिपायांना मारायचं नाही ही पद्धत मात्र पलटणीत रुळली होती, कमांडर याकोव पोतेम्किनही तसाच सभ्य माणूस. छडीशिवाय ही पलटण परेडमध्ये कुणाला हार जात नव्हती, आणि मला वाटतं वरच्यांना नेमकं हेच खुपत असणार, कारण छडीशिवाय जमतंय म्हटल्यावर बाकीच्या पलटणींत छडी कशासाठी हा प्रश्न येतो.

१८२० च्या वसंतात पोतेम्किनला हलवला आणि कर्नल श्वार्त्स आणला, झारचा भाऊ मिखाईल आणि झारचा उजवा हात अराकचेयेव्ह यांच्या मर्जीतला. या माणसाने काय केलं ऐका. शिपाई फावल्या वेळात शिवणकाम, मोचीकाम करून चार पैसे मिळवायचे ते बंद केलं आणि वर गणवेशाचा चकचकाट त्यांच्याच खिशातून करायला लावला. रोज दहा-दहा जणांना घरी बोलवून कवायत तपासायची. मिशा उपटायच्या, तोंडावर थुंकायचं, दोन रांगा समोरासमोर उभ्या करून एकमेकांच्या तोंडावर थुंकायला लावायचं. पाच महिन्यांत ४४ जणांना मिळून १४ हजारांच्या वर फटके. आणि त्यात शौर्याबद्दलचा सेंट जॉर्जचा क्रॉस मिळवलेली माणसं होती, ज्यांना कायद्याने अंगाला हात लावता येत नव्हता! बोरोदिनो-कुल्मला लढलेली माणसं ही.

१६ ऑक्टोबरच्या रात्री (जुन्या रशियन कॅलेंडरच्या तारखा देतोय) पलटणीची पहिली कंपनी, म्हणजे खुद्द झारच्या नावाची कंपनी, हुकूम नसताना बाहेर येऊन उभी राहिली आणि आपल्या कॅप्टनला म्हणाली की आम्हाला श्वार्त्सबद्दल तक्रार द्यायचीय. बस एवढंच. शस्त्र नाही, मारामारी नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना फसवून मॅनेजमध्ये नेलं, म्हणजे घोड्यांच्या कवायतीचा तो मोठा बंदिस्त हॉल, तिथे पाव्लोव्स्कीच्या दोन कंपन्यांनी घेरलं आणि तसंच पीटर-पॉल किल्ल्यात नेऊन कोंडलं.

रात्री बाकीच्या पलटणीला कळलं. सगळे चौकात जमले. ऑफिसर आले, जनरल आले, गव्हर्नर-जनरल मिलोरादोविच आला, ज्याला हे लोक युद्धापासून ओळखत होते, त्याचंही ऐकलं नाही. रांगेत उभे राहा म्हटलं तर म्हणाले, कुणाच्या शेजारी उभे राहू, पलटणीचं डोकं, म्हणजे पहिली कंपनीच, जागेवर नाही. एकतर पहिली कंपनी सोडा नाहीतर आम्हालाही तिथेच न्या. काहीजण श्वार्त्सला शोधत त्याच्या घरी गेले, काचा फोडल्या, तो सापडला नाही, शेणाच्या ढिगात लपून बसला होता म्हणतात. सकाळी हुकूम आला की मग चला किल्ल्यात, आणि ही सगळी पलटण, नि:शस्त्र, राजधानीच्या रस्त्यावरून स्वतःच्या पायांनी चालत तुरुंगात गेली. ऑक्टोबरच्या थंडीत. लोक बघायला उभे होते आणि विचारत होते कुठे चाललात, तर हे म्हणायचे, किल्ल्यात, अटकेत.

याला बंड म्हणतात इतिहासाच्या पुस्तकांत. मला तर हे बंड वाटत नाही, तक्रार करायचा दुसरा रस्ताच नव्हता म्हणून केलेली तक्रार वाटते. पण झार तेव्हा ट्रोपाऊला ऑस्ट्रियाचा मंत्री मेटरनिख याच्याबरोबर बसून युरोपातली बंडं कशी मोडायची याची परिषद करत होता आणि तिथे निरोप घेऊन गेला प्योत्र चादायेव्ह, तोच जो पुढे रशियाबद्दल कडू लिहून वेडा ठरवला गेला. अलेक्झांडरला पटेचना की शिपाई आपल्या डोक्याने असं करतील, नक्की कुणीतरी गुप्त मंडळी यामागे आहेत. चौकशीत तसं काही निघालं नाही. तरी पलटण मोडली, माणसं सैन्यभर दूरदूरच्या रेजिमेंटमध्ये पांगवली, आणि पुढारी ठरवलेल्या काहींना हजार माणसांच्या दोन रांगांमधून सहा-सहा वेळा छड्या खात चालवलं आणि खाणीत पाठवलं. श्वार्त्सलाही शिक्षा झाली हे सांगितलं पाहिजे, मृत्युदंड सुनावला आणि मग नुसतं नोकरीतून काढण्यावर भागवलं. दोन्ही शिक्षा शेजारी ठेवून बघा म्हणजे कळेल.

आता पांगवलेल्या माणसांचं बघा. सेर्गेई मुराव्योव्ह-अपोस्तोल आणि मिखाईल बेस्तुझेव्ह-र्‍यूमिन हे सेम्योनोव्स्कीतले दोघं दक्षिणेत फेकले गेले आणि तिथे गुप्त संघटनेत पुढे आले, तिथल्या पलटणींत पूर्वीचे सेम्योनोव्स्की शिपाई होतेच, त्यांच्यात यांनी काम सुरू केलं. १८२५ च्या डिसेंबरात मुराव्योव्हने चेर्निगोव्ह रेजिमेंट उठवली, काही दिवसांत चिरडली गेली. १३ जुलै १८२६ ला ज्या पाच डिसेंब्रिस्टांना, म्हणजे त्या डिसेंबरातल्या झारविरुद्धच्या बंडाच्या पुढाऱ्यांना, फाशी दिलं त्यातले हे दोघं. पाचातले दोन एका पलटणीचे, आणि मुराव्योव्हचा तर दोर तुटला म्हणून परत चढवला. गुप्त मंडळी नव्हती तिथे ती या शिक्षेनेच तयार केली असं मी म्हणेन. आणि इकडे पीटर्सबर्गमध्ये त्याच नावाने ग्रेनेडियर वगैरे आणून जी नवीन सेम्योनोव्स्की बनवली होती, ती १४ डिसेंबर १८२५ ला, राजधानीतल्या बंडाच्या दिवशी, सिनेट चौकात झार निकोलसच्या बाजूने उभी होती. नाव तेच, निळी कॉलर तीच, माणसं वेगळी. लेखातली एकनिष्ठ पलटण ती ही, १८२० नंतर बनवून घेतलेली.

पलटणीच्या परेड ग्राउंडचीही एक कथा आहे. १८४९ च्या डिसेंबरात दोस्तोयेव्स्की आणि त्याच्या सोबत्यांना गोळ्या घालायला उभं केलं आणि ऐनवेळी शिक्षा बदलली ते याच सेम्योनोव्स्की मैदानावर. १८८१ ला झार दुसऱ्या अलेक्झांडरच्या खुनासाठी सोफिया पेरोव्स्काया आणि चौघांना फाशी दिलं तेही इथेच. लोकवाङ्मय गृहाच्या दुकानातून स्वस्तातली सोव्हिएत पुस्तकं घेतलेल्या आमच्या पिढीला दोस्तोयेव्स्कीचा तो प्रसंग पाठ आहे, पण मैदान कुणाचं हे कुणी सांगितलं नव्हतं. आज तिथे मुलांचं नाट्यगृह आहे.

मग १९०५, झारविरुद्धच्या पहिल्या क्रांतीचं वर्ष. मॉस्कोत डिसेंबरात कामगारांनी बॅरिकेड उभारले, तिथल्या सैन्याचा भरवसा वाटेना म्हणून गव्हर्नर-जनरल दुबासोव्हने राजधानीतून मदत मागवली आणि कर्नल मिनच्या हाताखाली सेम्योनोव्स्की रेल्वेने आली, आली कशी तर पीटर्सबर्ग-मॉस्को लाईन संपकऱ्यांना बंद पाडता आली नाही म्हणून. प्रेस्न्या भागावर तोफा डागल्या, श्मिटचा फर्निचरचा कारखाना राख केला, मालक श्मिट स्वतः कामगारांच्या बाजूचा होता. कर्नल रीमानची तुकडी कझान लाईनवर गेली, हुकूम असा की अटक करून ठेवायची नाही, दया नको. स्टेशनांमागून स्टेशनं, पेरोवो, ल्युबेर्त्सी, गोलुत्विनो, संशय आला की गोळी. अलेक्सेई उख्तोम्स्की नावाच्या इंजिन ड्रायव्हरने मशिनगनच्या माऱ्यातून गाडी भरधाव काढून बंडखोरांना बाहेर नेलं होतं, त्याला ल्युबेर्त्सीला मारलं, त्याच्या नावाचं स्टेशन आजही त्या लाईनवर आहे. मिनला बढती मिळाली. १९०६ च्या ऑगस्टमध्ये पीटरहोफ स्टेशनवर बायको-मुलीसमोर झिनाईदा कोनोप्ल्यान्निकोवा या खेड्यातल्या शिक्षिकेने त्याला गोळ्या घातल्या आणि पंधरवड्याभरात तिला फाशी झाली.

या दडपशाहीतून निसटून पॅरिसला गेलेल्या रशियन क्रांतिकारकांकडूनच आपल्या सेनापती बापटांच्या हाती बॉम्बची कृती आली, १९०८ ला ते ती घेऊन परतले. त्यामुळे हा विषय आपल्यापासून अगदीच लांबचा आहे असं नाही.

त्याच १९०६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या प्रेओब्राझेन्स्कीच्या पहिल्या बटालियनने मागण्यांची यादी काढली तर तिचा गार्डचा दर्जा काढून घेऊन तिला नोव्हगोरोदकडच्या एका खेड्यात नेऊन टाकलं. म्हणजे ८६ वर्षांनी परत तेच, तक्रार आली की पलटण मोडा. शिकले काही नाहीत.

शेवटचं भराभर सांगतो, कारण महायुद्ध लेखात आहेच. तुखाचेव्स्की १९१४ ला याच पलटणीत सेकंड लेफ्टनंट होता, १९१५ ला जर्मनांच्या हाती सापडला, पळून आला, मग लाल सैन्यात मार्शल, आणि १९३७ ला स्टालिनने गोळी घालायला लावली, हे मात्र लेखात हवं होतं. फेब्रुवारी १९१७ मध्ये राजधानीत मागे ठेवलेली सेम्योनोव्स्कीची राखीव बटालियन बाकीच्या गार्डबरोबर क्रांतीकडे गेली, झारसाठी कुणी लढलं नाही. बोल्शेविकांनी तिचं नाव बदलून आपल्याकडे ठेवली, आणि १९१९ च्या मेमध्ये व्हिरा गावाजवळ ती फ्रंटवर पोचताच बोल्शेविकांविरुद्ध लढणाऱ्या व्हाईट लोकांना जाऊन मिळाली, बोल्शेविकांचा राजकीय अधिकारी, कमिसार राकोव्ह तिथेच मेला. २०१३ ला पुतीन यांनी मॉस्कोतल्या एका रायफल रेजिमेंटला परत सेम्योनोव्स्की नाव दिलंय. नाव कुणालाही देता येतं.

जाता जाता एक दुरुस्ती, पुढच्या अंकात छापा. पानावर सेम्योनोव्स्कीचे शिपाई म्हणून जो फोटो लावलाय त्यात डोक्यावर पितळी पत्र्याच्या उंच टोकदार टोप्या आहेत, त्या सेम्योनोव्स्कीच्या नाहीत, पाव्लोव्स्कीच्या आहेत. १८०७ ला फ्रीडलंडच्या लढाईत या पलटणीने शौर्य दाखवलं म्हणून झारने त्या टोप्या कायमच्या त्यांच्याकडे ठेवल्या, गोळ्यांची भोकंसुद्धा न बुजवता. आणि मॅनेजमध्ये सेम्योनोव्स्कीच्या पहिल्या कंपनीला घेरलं ते याच पलटणीने, तेव्हा फोटो अगदीच अस्थानी नाही, पण ओळ चुकीची आहे.

आपला,
एक नियमित वाचक