‘मायदेशी परतले’ हे खरे नाही

महोदय,

दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. तिच्यावर अधूनमधून लेख येतात. कोल्हापूरने परक्यांना दिलेल्या आसऱ्याचे त्यांत कौतुक असते आणि शेवटचे वाक्य जवळजवळ ठरलेले असते : युद्ध संपले, निर्वासित मायदेशी परतले. मी कोल्हापूरचाच. हे वाक्य लहानपणापासून ऐकत आलो आणि खरे मानत आलो. पण त्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत ते खरे नाही.

१९४३ ते १९४८ या काळात इथे सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहिली, मुख्यतः बायका, मुले आणि म्हातारे. बहुतेक पूर्व पोलंडचे. १९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत पोलिसांनी त्यांना घरांतून उचलून सैबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकले होते. हिटलर रशियावर चालून गेला तेव्हा त्यांची सुटका झाली आणि इराणमार्गे ती आपल्याकडे पोचली. पुढे फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाच्या परिषदेत अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ या तीन बड्या राष्ट्रांनी पोलंडची जी सीमा मान्य केली, तिने त्यांची गावेच सोव्हिएत संघाला देऊन टाकली. ज्यांनी हद्दपार केले, त्यांच्याच हाती घराच्या किल्ल्या! जुलैत ब्रिटन-अमेरिकेने लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली.

काही कुटुंबे तरीही पोलंडला गेली. मागे राहिलेल्या आप्तांची ओढ कुणाला नसते? पण अनेकींचे नवरे आणि मुलगे ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या जनरल अँडर्सच्या पोलिश सैन्यात होते, इटलीत माँटे कासिनोला लढले होते. ते सैन्य ब्रिटनला हलवले गेले आणि वळिवड्याची बायका-मुले तिकडेच गेली. कुणी ऑस्ट्रेलिया गाठले, कुणी आणखी कुठे.

युरोपातली कथा तर याहून जिवाला लागणारी आहे. जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावण्यांत १९४६ च्या अखेरीस, परत जाणाऱ्या पोलिश माणसाला साठ दिवसांचा शिधा देऊ केला गेला. भुकेल्यापुढे शिधा ठेवून गावी जा म्हणायचे! आणि त्याच सुमारास उलट दिशेने, पोलंडमधून, माणसे चोरून पश्चिमेकडे येत होती. अशा चोरवाटेला पोलिश भाषेत ‘हिरवी सीमा’ म्हणतात. सैनिकांच्या बायका या वाटेने नवऱ्यांकडे निघाल्या. असे पोलिश सैनिक जर्मनीतही होते : तिथले हारेन हे गाव तेव्हा पोलिश सैन्याच्या ताब्यात होते आणि त्याचे नाव बदलून ‘माचकुव’ केले होते.

परत गेलेल्यांचे काय झाले? स्टानिस्वाव मिकोवायचिक तर युद्धकाळात लंडनमधल्या त्या पोलिश सरकारचे पंतप्रधान होते. विश्वासाने १९४५ मध्ये परतले, उपपंतप्रधान झाले. जानेवारी १९४७ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला दडपून टाकले गेले. अटक होणार हे कळताच ऑक्टोबरमध्ये ते ब्रिटिश जहाजात लपून देशाबाहेर पडले. त्यांची ही गत, तर वळिवड्यातल्या एखाद्या विधवेने पोरांना घेऊन कुणाच्या भरवशावर परत जायचे?

त्यांच्या रिकाम्या झालेल्या बराकींत नंतर सिंधी निर्वासित आले आणि आजचे गांधीनगर उभे राहिले. त्यांच्याही घरांवर सीमारेषा फिरली होती. ‘सिंधी मायदेशी परतले’ असे आपण कधी लिहीत नाही.

माझी विनंती एवढीच, की यापुढे वळिवड्यावर काही छापाल तेव्हा ही माणसे कोणत्या देशांत गेली आणि घरी का जाऊ शकली नाहीत, तेही छापावे. छावणीच्या खुणा दाखवायला मुलांना नेणाऱ्या शिक्षकांनीही हे सांगावे.

– एक वाचक, कोल्हापूर