चिमे, क्रीम ठरवण्याआधी हे वाच

प्रिय चिमे,

स्वयंपाकघरातल्या कपाटांना क्रीम रंग द्यायचाय म्हणून पाठवलेले तुझे फोटो मिळाले, शेडकार्डाचाही मिळाला. तू पेनाने खुणा केलेल्या चारही शेड मोबाईलवर मला सारख्याच दिसतायत, त्यामुळे फोटो बघून "ही घे" असं मी सांगणार नाही. पण कशी निवडायची ते सगळं लिहिते, कारण त्या सहा बाय आठच्या स्वयंपाकघरात सकाळ-संध्याकाळ तूच उभी राहणार आहेस आणि तिथला रंग तुझ्या मनासारखाच व्हायला हवा.

आधी शेडकार्ड बाजूला ठेव आणि जे बदलणार नाहीये ते बघ. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, तो राहणार. काळ्याशेजारी कुठलंही क्रीम उजळच दिसतं, त्याची काळजी नाही. प्रश्न टाइल्सचा आहे. तुझ्या टाइल्स पांढऱ्या पण त्यात निळसर करडी झाक आहे, आणि अशा थंड पांढऱ्याला लागून पिवळंजर्द क्रीम आलं की ते मळल्यासारखं वाटतं, कितीही पुसलं तरी. शिवाय खिडकी डक्टमध्ये, म्हणजे दोन बिल्डिंगांमधल्या अरुंद मोकळ्या जागेत उघडते आणि समोर शेजारच्या बिल्डिंगची पिस्ता रंगाची भिंत, म्हणजे दिवसाचा उजेड त्या भिंतीवरून आपटून हिरवट होऊनच आत येतो गं. त्यात लिंबाकडे झुकणारं क्रीम लावलंस तर शटर्स, म्हणजे कपाटांची दारं, आजारी दिसतील. म्हणून तुझ्या घरात पिवळं कमी आणि किंचित मातकट-लालसर झाक असलेलं, हस्तिदंतीच्या जवळ जाणारं क्रीमच घे असं माझं ठाम मत आहे.

पेंटरकाका म्हणतात ना क्रीम म्हणजे क्रीम, ते तू ऐकू नकोस. दुकानात मशीनवर रंग बनतो तेव्हा पांढऱ्या बेसमध्ये पिवळं ऑक्साइड पडतं, मग कुठे थेंबभर लाल, कुठे थेंबभर काळं, आणि तेवढ्यानेच एक क्रीम गुलाबीकडे जातं, एक हिरवटाकडे, एक बदामीकडे. नुसत्या नजरेला हे कळत नाही, पण कोऱ्या पांढऱ्या कागदावर शेडकार्डातल्या चारही शेडच्या चिठ्ठ्या शेजारी ठेव, लगेच दिसेल कोण कुठे झुकलंय. आणि त्याच पट्टीवरची सगळ्यात गडद शेड बघ, ती मोहरीसारखी असेल तर वरचं फिकं क्रीमसुद्धा तिकडचंच.

मग कार्डावर जी आवडेल तिच्यापेक्षा एक पायरी फिकी घे. छोट्या किचनमध्ये दोन बाजूंची कपाटं एकमेकांसमोर असतात, एकीचा रंग दुसरीवर पडतो, तिचा परत हिच्यावर, आणि नखाएवढ्या चिठ्ठीत शांत वाटलेलं क्रीम वीस शटर्सवर चांगलंच पिवळं होतं. दुकानदाराला एलआरव्ही विचारून बघ, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो तो आकडा, काळा ० आणि पांढरा १०० धरून. तुझ्या अंधाऱ्या जागेला पंचाहत्तरच्या खाली जाऊ नकोस.

आता तुझ्या त्या फोटोबद्दल, ज्यात शटरवरून कालनिर्णय काढल्यावर खाली पिवळा चौकोन दिसतोय. तुला वाटलं बाकीचा रंग उडाला आणि खालचा मूळ तसाच राहिला, पण ते उलटं आहे! जुना ऑइलपेंट अंधारात पिवळा पडतो, उजेड मिळाला की तो पिवळेपणा कमी होतो, त्यामुळे कॅलेंडरखालचाच भाग जास्त पिवळा झालाय. शटर उघडून आतली बाजू बघ, तीही तशीच असेल. डक्टच्या खिडकीला उजेड तो किती, म्हणजे तुझं सगळं किचन म्हणजे त्या कॅलेंडरखालची जागाच समज. म्हणून साधा ऑइलपेंट नकोच, वॉटर बेस्ड इनॅमल घे, ते असं पिवळं पडत नाही आणि वासही कमी. थोडं महाग पडेल, पण तू निवडलेलं क्रीम तेच क्रीम राहील, नाहीतर एवढा खटाटोप करून दोन वर्षांनी वेगळ्याच रंगाच्या कपाटांसमोर उभं राहायचं.

सासूबाईंना ग्लॉस हवाय कारण पुसायला सोपं, ते त्यांचं बरोबरच आहे, फोडणीचं तेल कुणाला चुकलंय? पण जुन्या प्लायवर ग्लॉसमध्ये प्रत्येक खड्डा आणि लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, प्रत्येक चट्टा चमकून दिसतो, आणि मॅट घेतलंस तर हळदीचा हात लागला की डाग बसला. सॅटिन घे, म्हणजे ग्लॉस आणि मॅटच्या मधली हलकी चमक, दोघींचंही समाधान होईल. त्यांना नीट समजावून सांग, ऐकतील त्या, रोज पुसतात त्याच ना.

आणि ट्यूब! ती पांढरीफट्ट, निळसर उजेडाची ६५०० केल्विनची ट्यूब आहे तोवर कुठलंही क्रीम करडंच वाटणार. खोक्यावर आकडा लिहिलेला असतो, ४०००ची आण, तिचा उजेड कमी निळसर, त्यात भाजी शिजलीय का तेही नीट दिसतं आणि क्रीमही क्रीम राहतं. पण दिवा आधी बदल, शेड नंतर ठरव.

सँपल भिंतीवर लावू नकोस. सुताराकडून प्लायचे फूटभर तुकडे घे, प्रायमर आणि वर दोन हात, सॅटिनमध्येच, कारण तीच शेड ग्लॉसमध्ये जास्त गडद वाटते. वाळले की शटरच्या जागी उभे लाव, आडवे ठेवून बघायचे नाहीत, आडव्यावर उजेड जास्त पडतो. एक वरच्या कपाटाच्या सावलीत, एक खाली ओट्याशेजारी. सकाळी चहाच्या वेळी बघ, दुपारी बघ, रात्री दिवा लावून बघ. तिन्ही वेळेला जो नकोसा वाटत नाही तो तुझा. आणि त्यावर तेलात कालवलेली हळद फासून तासाभराने ओल्या फडक्याने पूस. हळदीचा डाग उन्हात फिका पडतो, पण तुझ्याकडे ऊन येतच नाही, तेव्हा हे आधीच बघून घे.

एक गोष्ट मात्र काळजीने सांगते. तुमचा फ्लॅट जुना, कपाटंही तेव्हाचीच. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली, त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, त्यातही पिवळट रंगांमध्ये, शिसं असू शकतं. बाळ रांगतंय. कोरडं घासू द्यायचं नाही, पाणी लावूनच पॉलिशपेपर मारायला सांग, शटर्स काढून टेरेसवर न्या आणि तेवढे दिवस तू बाळाला घेऊन आईकडे जा. घासण्याआधी धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने चिकटा काढायचा आणि साध्या पाण्याने धुऊन वाळवायचं, नाहीतर प्रायमर धरणार नाही.

दिवाळीआधी करायचंय म्हणतेस तर दसऱ्याच्या आसपास सुरू करा, ऑक्टोबरच्या उन्हात छान वाळेल. रंग सगळा एकदमच मिक्स करून घे, डबे दोन आले तर एकत्र ओतून ढवळायला सांग, आणि झाकणावरच्या फॉर्म्युल्याच्या स्टिकरचा फोटो काढून ठेव, पुढे एखादं शटर बदललं तर लागेल. लावल्यावर दोन-तीन आठवडे जोरात घासू नका, वरून वाळलं तरी आतून घट्ट व्हायला वेळ लागतो.

चारातल्या दुसऱ्या आणि चौथ्या शेडच्या खऱ्या, कागदावरच्या चिठ्ठ्या कुरियरने पाठव, आणि एक टाइलचा तुकडा असला तर तोही. मी इथे लावून बघते आणि रविवारी फोन करते.

तुझीच,
बबडी