बाईच्या विनोदावरची कात्री : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : स्त्रियांच्या विनोदी सादरीकरणांना रंगमंचावर मिळणारी वागणूक.

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. गेली काही वर्षे आम्ही अकरा जणी मिळून लहान लहान विनोदी प्रवेश रचतो आणि शाळेच्या पटांगणात, बचत गटांच्या मेळाव्यांत, गणेशोत्सवाच्या मंडपात ते सादर करतो. आमच्यात अंगणवाडी सेविका आहे, शेतावर राबणाऱ्या दोघी आहेत, एसटीत वाहक असलेली एक मैत्रीण आहे. या मैत्रिणीच्याच डोक्यातून निघालेल्या एका प्रवेशात, बसस्थानकावर होणाऱ्या उद्घोषणेच्या सुरात, एक गृहिणी आपल्या घराचे वेळापत्रक जाहीर करते : पहाटे पाचची चहाची गाडी वेळेवर सुटत आहे, सासऱ्यांच्या गोळ्या फलाट क्रमांक दोनवर लागलेल्या आहेत, मुलीच्या डब्याला मध्ये कोठेही थांबा नाही, आणि मदतीसाठी निघालेले यजमान सोफ्याजवळ बंद पडल्यामुळे ती फेरी रद्द करण्यात आली आहे. या प्रवेशाचा पाया आम्ही सरकारी आकड्यांवरच रचला होता. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरची बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर ती कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. हा आकडा नुसता वाचून दाखवला तर मंडपात कोणी मान वर करत नाही, पण उद्घोषणा ऐकून बायका हसू लागतात आणि हसता हसता शेजारच्या पुरुषाकडे वळून पाहतात, आणि त्या वळून पाहण्यासाठीच आम्ही हा खटाटोप करतो.

गेल्या वर्षी एका उत्सवात हा प्रवेश ठरला होता. तालमीच्या दिवशी आयोजकांपैकी एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितले, “बाई, नवऱ्याचे आणि सासऱ्यांचे तेवढे काढून टाका, हे आपल्या संस्कृतीत बसत नाही.” आम्ही ते काढले, आणि त्याची खंत मला आजही आहे. त्याच रात्री त्याच मंचावर दोन पुरुष कलाकारांनी साडी नेसून जाड बायको, खर्चिक बायको आणि संशयी बायको या तीन विषयांवर पाऊण तास विनोद केले. ते मात्र संस्कृतीत अगदी सहज बसले. आमची वाहक मैत्रीण मागच्या रांगेत मान खाली घालून बसली होती.

“आपल्या संस्कृतीत बसत नाही” हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही म्हणूनच हे पत्र मी आपल्याला लिहीत आहे, कारण संस्कृती हे आपले खाते आहे आणि आपल्या संस्कृतीत काय बसते याची नोंद आपल्याच दप्तरात आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा भाषेच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून आपण अभिमानाने पुढे केलेल्या ग्रंथांत महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशती होती. त्या गाथांमध्ये बोलणाऱ्यांत बायका फार मोठ्या संख्येने आहेत, आणि त्या केवळ विरहाने झुरणाऱ्या नाहीत. मुक्कामाला आलेल्या वाटसरूला घरातली सून सांगते की इथे सासूबाई झोपतात आणि इथे मी, दिवसाउजेडी नीट पाहून ठेव, नाहीतर रातांधळेपणाने माझ्याच अंथरुणात येऊन पडशील. सासूच्या देखत, सासूला कळणार नाही अशा बेताने, निषेधाच्या शब्दांत निमंत्रण देणारी ही बाई आपल्या भाषेच्या उंबरठ्यावर उभी आहे. तिच्या जोरावर आपण दर्जा मिळवला, मग तिच्या आजच्या लेकींना मंडपात गप्प का बसवले जाते?

त्या गाथांनंतरही हा विनोद कधी थांबलेला नाही, फक्त त्याची जागा बायकांच्या बायकांतच राहिली. जात्यावर, मंगळागौरीच्या जागरणात, भोंडल्याच्या फेरात, गोव्यात धालो या बायकांच्या नाचगाण्याच्या मांडावर, जेथे पुरुष ऐकायला नसतो किंवा न ऐकल्यासारखे करतो, तेथे सासर, नणंद, दीर आणि नवरा यांची मनसोक्त टिंगल झाली आहे. भोंडल्यातले वेड्या नवऱ्याचे गाणे आपल्याही घरात कोणी ना कोणी म्हटलेच असेल. बायकोने केलेल्या करंज्या तो होड्या समजून पाण्यात सोडतो, लाडू चेंडू समजून खेळायला घेतो, आणि मुली हसत हसत कडव्यामागून कडवे म्हणत जातात. पण पुष्कळ ठिकाणी हे गाणे ज्या कडव्यावर संपते, तेथे झोपलेल्या बायकोला तो मेली समजून जाळून टाकतो. मी लहानपणी हे कडवे शंभर वेळा म्हटले असेल, आणि त्यात काय सांगितले आहे हे मला शिक्षिका झाल्यावर, आमच्याच पंचक्रोशीतल्या एका सुनेची बातमी ऐकल्यावर कळले. हुंडाबळीचे कलम भारतीय दंड संहितेत १९८६ साली आले. त्याच्या कितीतरी आधीपासून फेर धरणाऱ्या मुली ही तक्रार गात होत्या. ज्या घरात तक्रार तोंडाने उच्चारता येत नाही, त्या घरात ती हसण्यात गुंडाळून पुढच्या मुलीच्या हाती दिली जाते. स्त्रियांच्या विनोदाला जे केवळ टवाळी म्हणतात, त्यांनी या गाण्याचे शेवटचे कडवे एकदा शांतपणे ऐकावे.

हा विनोद बायकांच्या घोळक्यातून बाहेर पडून छापील पानावर आला तेव्हा काय झाले, हेही आपल्या इतिहासात आहे. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले. सुरतेकडच्या एका विधवेला बालहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून एकूण स्त्रीजातीच्याच अनीतीची चर्चा सुरू झाली, त्या संतापातून ते पुस्तक आले. पण त्याचे हत्यार संताप नव्हे, उपहास आहे. नवरा मेल्यावर बायकोने जे भोगायचे तेच बायको मेल्यावर तुम्ही का भोगू नये, दाढ्यामिशा भादरून तुम्हीही रानात जाऊन का राहू नये, असा उलटा प्रश्न त्या विचारतात, आणि रूढीची अंगरखी उलटी करून दाखवल्यावर तिची शिवण दिसू लागते. स्त्रियांच्या विनोदाची ही सर्वांत जुनी आणि सर्वांत अचूक रीत आहे. पुस्तकावर झोड उठली. महात्मा फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही, आणि ते एकमेव पुस्तकही विस्मृतीत गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा वाचकांसमोर आणले. विधवेच्या बांगड्या, कुंकू आणि मंगळसूत्र काढून घेण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात केला आणि राज्य शासनाने तो इतर गावांपुढे आदर्श म्हणून ठेवला. ताराबाईंच्या प्रश्नाला शासनाने अशा रीतीने १४० वर्षांनी होकार दिला. तो प्रश्न विचारला गेला तेव्हा त्यावर हसून विचार करणारे दहा जण जरी जास्त असते, तर किती बायकांचे आयुष्य वेगळे झाले असते, हा विचार मला अस्वस्थ करतो.

रंगमंचावर तर बाई शंभर वर्षांहून अधिक काळ आहे, पण विनोद फार थोड्या वेळा तिच्या वाट्याला आला. आपले खाते विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र ज्या तमाशाच्या फडावर विठाबाई नाचल्या आणि गायल्या, त्या फडावर सोंगाड्या पुरुष आणि गौळणीतली मावशीही बहुधा पुरुषच. बाईने नाचावे, गावे, रडावे आणि शहाणपणाचा टोला मात्र पुरुषाने मारावा, अशी वाटणी आजही दूरचित्रवाणीवरच्या विनोदी कार्यक्रमांपर्यंत चालत आली आहे. ही वाटणी मोडणाऱ्या बायका झाल्या आहेत. स्त्री मुक्ती संघटनेचे ‘मुलगी झाली हो’ हे नाटक १९८३ पासून गावोगाव गेले, आणि मुलगी झाल्यावर पडणारे चेहरे पाहून त्याच चेहऱ्यांची माणसे प्रेक्षकांत बसून हसली. पंढरपूरच्या चंदाताई तिवाडी यांनी भारूड गाजवले. मुंबई-पुण्याच्या लहान सभागृहांत आज तरुण मुली एकटीने माईक हातात घेऊन मासिक पाळीवर, लग्नाच्या बाजारावर, लोकलच्या गर्दीतल्या हातांवर बोलतात. मला त्यांची भाषा प्रत्येक वेळी रुचते असे नाही, पण ज्या गोष्टी मला माझ्या आईशी बोलता आल्या नाहीत त्या या मुली दोनशे लोकांसमोर बोलतात, याचा मला अभिमान वाटतो.

आता माझ्या मुख्य मागणीकडे येते. महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि या व्यवस्थेचे मूळ १९५१ च्या पोलीस अधिनियमात आहे. इंग्रजांनी १८७६ साली केलेला नाट्यप्रयोगांचा कायदा २०१८ साली रद्द झाला, तरी ही अट राहिलीच. पूर्वपरीक्षणाच्या या पद्धतीला अमोल पालेकर यांनी २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. तत्त्वाचा वाद त्यांनी माझ्यापेक्षा चांगला मांडला आहे, म्हणून मी फक्त आमच्या कामाची अडचण सांगते. बायकांचा विनोद लिहून पूर्ण झालेला कधीच नसतो. उखाणा समोरच्याचे तोंड पाहून बदलतो, भारुडातला टोला त्या गावच्या सरपंचावर बेतलेला असतो, आमच्या उद्घोषणेतली गाडी प्रत्येक गावात वेगळ्या कारणाने रद्द होते. आधी लिहा, मुंबईला पाठवा, शिक्का मिळवा आणि मग त्याच शब्दांत बोला, ही पद्धत या कलेचा जीवच काढून घेते, आणि ज्यांना मुंबईचा पत्ता माहीत नाही अशा बायकांना ती आरंभीच बाद करते. त्यातही त्या शिक्क्याचे नाव घेऊन गावातला कोणताही आयोजक स्वतःची कात्री चालवू शकतो. तेव्हा एकपात्री सादरीकरणे, भारूड, प्रहसने आणि अशाच लहान प्रयोगांना संहिता आधी दाखवण्याच्या अटीतून आपण मुक्त करावे, आणि ते होईपर्यंत एखादे वाक्य काढायला सांगताना मंडळाने कारण लेखी द्यावे, असा नियम करावा. कारण लिहावे लागले की पुष्कळशा कात्र्या आपोआप म्यान होतील, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट भीतीची आहे. २०२० च्या जुलैमध्ये अरबी समुद्रातील नियोजित शिवस्मारकाविषयी इंटरनेटवर चालणाऱ्या दाव्यांवर विनोद करणाऱ्या मुंबईतल्या एका तरुणीला बलात्काराच्या उघड धमक्या आल्या. तिचे नाव मी लिहीत नाही, कारण ते त्या वेळी पुरेसे उच्चारले गेले आहे. महाराज आम्हा सर्वांना पूज्य आहेत, आणि एखादा विनोद रुचला नाही तर त्याचा निषेध करण्याचा हक्क सर्वांना आहे. पण विनोद करणाऱ्या पुरुषाला मारण्याची धमकी येते आणि बाईला बलात्काराची येते, हा फरक नाकारून कसे चालेल? धमकी देणाऱ्यांपैकी काहींना अटक झाली हे खरे, पण तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी तिच्यावरही कायदेशीर कारवाई करण्यास पोलिसांना सांगितले होते, आणि शेवटी माफी मागण्याची वेळ तिच्यावरच आली. अशा प्रसंगी सांस्कृतिक कार्य खात्याने गप्प राहू नये. धमकीचा गुन्हा आधी नोंदवला जाईल आणि केवळ धमकीमुळे शासकीय नाट्यगृहातला प्रयोग रद्द होणार नाही, एवढे आपण गृह विभागाशी बोलून जाहीर केले, तरी कितीतरी मुलींच्या आईवडिलांना धीर येईल.

आणखी एक छोटी विनंती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गावोगावच्या बायकांकडून गोळा केल्या. भोंडला, हादगा, भुलाबाई, मंगळागौर आणि धालो यांतल्या थट्टेचे असे संकलन आपल्या खात्याने गोव्याच्या मदतीने हाती घ्यावे, आणि ते करताना गाणी गोड करून, शेवटची कडवी गाळून छापू नयेत.

येत्या हस्त नक्षत्रात आमच्या शाळेच्या पटांगणात हादगा आहे. फेर संपल्यावर आम्ही तो उद्घोषणेचा प्रवेश नवऱ्यासह आणि सासऱ्यांसह पूर्ण सादर करणार आहोत. आपण यावे, ही मनापासून विनंती. येणे जमले नाही, तर लहान प्रयोगांना संहितेच्या अटीतून सूट देण्याविषयी आपला निर्णय काय आहे, तेवढे लेखी कळवावे.

आपली नम्र,
तालुक्याच्या गावातील एक निवृत्त शिक्षिका